दुसऱ्याचं मूल, काही काळ आपल्या घरी: गोव्यात फॉस्टर पालक कसं व्हायचं

फॉस्टर केअरची चौकशी करायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात खरं तर दत्तक असतं. मूल हवं असतं, दत्तकाची रांग लांब असते आणि कुणीतरी कानावर घातलेलं असतं की फॉस्टरमधून लवकर होतं. अर्ज भरण्याआधी ही गाठ सोडवून घ्या. पुढच्या मनस्तापाचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

फॉस्टर केअरमध्ये येणाऱ्या मुलाला आईबाप असू शकतात, आणि बहुधा असतातच. आई दीर्घ आजारी असते, बाप तुरुंगात असतो, किंवा घरातली दारू आणि मारहाण इतकी वाढलेली असते की बालकल्याण समितीने (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी कायदेशीर समिती) आईवडिलांना तूर्त असमर्थ ठरवलेलं असतं. असं मूल संस्थेत ठेवण्याऐवजी एखाद्या कुटुंबात ठेवायचं, ही तरतूद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. मूल तुमच्याकडे राहतं, पण त्याचं नाव, आडनाव, धर्म काही बदलत नाही. आईवडील सावरले आणि समितीची खात्री पटली की मूल परत जातं. ज्या मुलाला समिती दत्तकयोग्य मानते, त्याला दीर्घकालीन फॉस्टर केअरमध्ये देऊच नये, असंही हेच कलम सांगतं. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी फॉस्टर पालकांना दोन वर्षांनंतर दत्तकाचा मार्ग मोकळा केला आहे (आधी पाच वर्षं थांबावं लागे). पण त्यासाठी मूल दत्तक देण्यासाठी कायद्याने मोकळं झालेलं असावं लागतं, आणि ते होईल याची हमी कुणीही देऊ शकत नाही. तेवढ्या एका आशेवर अर्ज करणार असाल तर सरळ दत्तकासाठीच नाव नोंदवा.

नात्यातलं मूल आणि शेजारचं मूल

मूल भाची असेल, दिराचा मुलगा असेल, म्हणजे तुमच्याच नात्यातलं असेल, तर तुमची वाट फॉस्टर केअरची नाही. तिथं प्रायोजकत्व, म्हणजे स्पॉन्सरशिप लागू होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली त्यात मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवं.

मूल शेजारच्या भाड्याच्या खोलीतलं असेल आणि आईबाप त्याला टाकून गेले असतील, तर ‘राहू दे आमच्याकडेच’ हा निर्णय परस्पर घेता येत नाही. पालकांपासून तुटलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत १०९८ या चाइल्डलाइनला, पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं कलम ३२ नुसार बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कळवल्यावर तेच मूल तुमच्याकडे ठेवण्याचा विचार समिती करू शकते. मुलाची ओळख आणि वाडा सुटू नये हे समितीलाही हवंच असतं. फक्त क्रम चुकवू नका.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. जुन्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत ‘पोसकें’ ठेवायची रीत होती: खायला-ल्यायला घालायचं, आणि दिवसभर घरकाम करून घ्यायचं. ते मूल धड लेकरूही नसे, धड नोकरही नसे. त्या रिवाजाची सावली अजून पुरती गेलेली नाही. म्हणून गृहभेटीत ‘घरात कोण काय काम करतं’ हा प्रश्न विचारला जातो. जेवल्यावर आपलं ताट धुणं, अंथरूण घालणं इथपर्यंत ठीक. तुमच्या मुलाला जे काम सांगत नाही ते या मुलाला सांगितलं, की निरीक्षणाच्या नोंदीत ते येणार.

कोण अर्ज करू शकतं

जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत, संसार स्थिर असावा आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० असावी. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त व्यक्तीलाही अर्ज करता येतो. वय ३५ ते ६० च्या दरम्यान हवं. वरची मर्यादा मुलाच्या वयावर ठरते. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी, कुणीही येऊ शकतं. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. मुलं सहा वर्षांवरची असतात. तान्हं बाळ मिळेल अशा कल्पनेत असाल तर ती आत्ताच बाजूला ठेवा.

पती-पत्नी दोघंही भारतीय नागरिक हवेत. ही अट इतर राज्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाही, पण गोव्यात ती अनेक घरांत आडवी येते. दोघांपैकी एकाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर त्याचं भारतीय नागरिकत्व गेलेलं असतं, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी नुसती लिस्बनला जन्मनोंदणी केलीय, पासपोर्ट घेतलेला नाही, अशी अर्धवट स्थिती असेल तर ती पहिल्याच बैठकीत उघड सांगा.

घर स्वतःचं असायला हवं असं नाही. भाड्याचा फ्लॅट चालतो, भाटकाराच्या जमिनीवरचं मुंडकाराचं घर चालतं. पुरेशी जागा, स्वच्छता आणि मुलाचा खर्च झेपेल एवढं नियमित उत्पन्न हवं.

अर्ज आणि कागद

नोंदणी कॅरिंग्ज या केंद्राच्या दत्तक पोर्टलवर करता येते. त्याच वेळी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात प्रत्यक्षही जाऊन या. महिला व बाल विकास संचालनालयाकडे चौकशी केलीत तर तुमचा कक्ष कुठं बसतो ते कळतं. पोर्टल कागद घेतं, पण तुम्ही कोण आहात हे समोर बसल्यावरच कळतं.

लागणारे कागद असे: दोघांची आधार आणि पॅन कार्डं, वयाचा व रहिवासाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा (पगारपत्रक किंवा आयकर विवरण), एकत्र फोटो, घरातल्या सर्वांचे वैद्यकीय दाखले, पोलीस पडताळणी, आणि तुम्हाला नीट ओळखणाऱ्या दोन नातेवाईक नसलेल्या व्यक्तींची नावं. वैद्यकीय दाखल्यात क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या धरा. सासू-सासरे एकत्र राहत असतील तर त्यांच्याही.

अडकतं ते साध्या गोष्टींत. विवाह दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. पत्नीचं लग्नानंतरचं नाव पॅनवर आणि माहेरचं बँकेत. आधारवर अजून जुन्या गावचा पत्ता. अर्जाआधी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून अक्षरशः अक्षर ताडून बघा.

गृहभेट: काय बघतात

कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृह अभ्यास अहवाल लिहितो. घरातल्या प्रत्येकाशी तो वेगळं बोलतो, तुमच्या मुलांशीही. टाइल्स चकचकीत आहेत की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो विहिरीला कठडा आणि वर जाळी आहे का हे बघतो, मागच्या दाराला आतून कडी लागते का, औषधं आणि दारूच्या बाटल्या कुठं ठेवता, मुलाला झोपायला स्वतःची जागा आहे का. वेगळी खोली नसली तर चालते, पण स्वतःचं अंथरूण आणि कपड्यांना एक खण तरी हवा. मोठ्या वयाची मुलगी आणि तुमचा मोठा मुलगा एकाच खोलीत झोपणार असतील तर अहवाल अडतो, आणि तो अडायलाच हवा.

घराचा एखादा भाग तुम्ही पर्यटकांना देत असाल तर सगळ्यात जास्त प्रश्न त्यावर येतील. अनोळखी माणसं रोज येजा करत असतील, तर मुलाची खोली, न्हाणी आणि पाहुण्यांची वाट पूर्ण वेगळी असल्याचं दाखवता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर मूल आहे तोवर त्या खोल्या बंद ठेवायची तयारी हवी. हंगामाचं उत्पन्न बुडतं हे खरं आहे, म्हणूनच हा हिशेब आधी करा.

मुलांशी बोलताना कार्यकर्ता हमखास विचारतो: ‘नवीन मूल आलं तर तुझी कुठली गोष्ट त्याला देशील, आणि कुठली देणार नाहीस?’ उत्तर पढवून ठेवू नका. ‘माझी सायकल देणार नाही’ असं सांगणारं मूल तयार असतं. ‘सगळं देईन’ म्हणणाऱ्याला घरात कुणी काही समजावूनच सांगितलेलं नाही, हे लगेच कळतं.

जुळवणी

तिकडे मुलाचाही अभ्यास अहवाल तयार होतो आणि दोन्ही अहवाल समोर ठेवून समिती ठरवते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच ठेवायची, हा कायद्याचाच आग्रह आहे. एकच मूल घेण्याची तयारी असेल तर तसं आधीच लिहून द्या. ऐनवेळी मोठ्या बहिणीला मागे ठेवून धाकट्याला आणणं दोघांच्याही जिव्हारी लागतं.

मुलाला भेटण्याआधी कक्षाकडून हे विचारून घ्या: घरात कुठली भाषा बोलत होतं, काय खातं, कुठल्या औषधाची किंवा मासळीची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओलं होतं का, कुणाला घाबरतं, शाळा कितवीपर्यंत आणि कुठल्या माध्यमात, भावंडं कुठं आहेत, आईवडिलांची भेट किती दिवसांनी, न्यायालयात खटला चालू आहे का. गोव्यात संकटात सापडणारी बरीच मुलं स्थलांतरित मजुरांच्या घरांतली असतात. त्यांची भाषा कन्नड, तेलुगू किंवा हिंदी असते. तुमच्या घरात मराठी आणि कोकणीच चालत असेल तर ‘भूक लागली’, ‘दुखतं’, ‘शी-शू’, ‘भीती वाटते’ एवढे शब्द तरी त्याच्या भाषेत शिकून ठेवा.

पहिली भेट संस्थेतच होते, मग एक-दोन वेळा घरी चक्कर. मेरशीच्या ‘अपना घर’मधून किंवा एखाद्या खासगी बालगृहातून मूल येत असेल, तर तिथल्या काळजीवाहक बाईंशी दहा मिनिटं बोला. फाइलमध्ये नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं. मुलाचं मतही विचारलं जातं, आणि ते ‘नको’ म्हणू शकतं.

सगळं जुळलं की समिती नमुना ३२ मध्ये आदेश काढते आणि तुम्ही नमुना ३३ मध्ये हमीपत्र देता. आदेशावर मुदत लिहिलेली असते, ती वाचून घ्या. आदेशाची मूळ प्रत घरात, झेरॉक्स शाळेत, आणि एक फोनमध्ये. हा कागद नसला तर मूल तुमच्याकडे असल्याला कायद्याने काहीच अर्थ नाही.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत. शेजारणी बघायला येतील, त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणावं. घर दाखवा: न्हाणी कुठं, रात्री दिवा कुठला, पाणी कुठं. मुलाने आणलेली पिशवी, कितीही कळकट असली तरी, विचारल्याशिवाय धुऊ नका आणि टाकू तर अजिबात नका. त्या फाटक्या शर्टाला आईचा वास असतो.

हाक कशी मारायची हे त्यालाच ठरवू द्या. काका-काकू, मावशी चालतं. ‘आई म्हण’ असा हट्ट धरलात तर त्याला स्वतःच्या आईशी दगा केल्यासारखं वाटतं, आणि तो राग तुमच्यावर निघतो.

जेवणाचं म्हणाल तर पहिले काही दिवस त्याच्या ओळखीचं करा. संस्थेतून आलेलं मूल उपाशी नसतानाही अन्न लपवतं. सकाळी पोदेराने (पाववाल्याने) आणलेले पाव मोजून ठेवले असतील आणि दोन कमी भरले, तर उशीखाली, दप्तरात किंवा कपाटामागे सापडतील, कधी बुरशी आल्यावर. त्याला चोर म्हणू नका. एका डब्यात पाव, केळी, बिस्किटं ठेवा आणि सांगा की हा डबा तुझा, कधीही उघड, संपला तर मी भरीन. आणि खरंच भरत जा. डबा दिवसच्या दिवस भरलेला दिसू लागला की लपवणं आपोआप थांबतं. थांबायला महिनेही लागू शकतात.

सुरुवातीला मूल फार शहाण्यासारखं वागतं. पाहुण्याच्या मुलासारखं. मग तीन-चार आठवड्यांत उलटं सुरू होतं: आदळआपट, खोटं बोलणं, अंथरूण ओलं करणं, तुमच्या मुलाच्या वस्तू मोडणं. बरेच फॉस्टर पालक इथंच हात टेकतात. त्यांना वाटतं आपण चुकलो, किंवा मूलच वाईट. खरं तर हे मूल तपासून बघत असतं की असं वागलो तरी ठेवतात का. या टप्प्यात नियम कमी ठेवा, पण ठेवलेले रोज पाळा: जेवणाची वेळ, झोपायची वेळ, मारामारी नाही. हात उगारायचा नाही. गोवा बाल अधिनियम, २००३ मध्ये बाल-अत्याचाराची व्याख्या मारहाणीपासून मानसिक छळ, उपेक्षा आणि अन्न तोडण्यापर्यंत जाते. ‘जेवण बंद’ ही शिक्षासुद्धा त्यात बसते. झोप उडालेली, सतत दचकणं, स्वतःला इजा करणं असं दिसलं तर थांबू नका: बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तणूक संस्थेत मुलांना दाखवता येतं.

मूल कधी एखादी भयंकर गोष्ट सांगतं, झोपताना किंवा भांडी पुसताना, सहज. ऐका. ‘मग काय केलं त्याने?’ असे प्रश्न विचारू नका; तुमच्या तोंडून आलेला शब्द पुढे त्याच्या जबाबात शिरतो आणि खटला कच्चा होतो. त्याचेच शब्द त्याच रात्री वहीत तारीख घालून लिहा आणि कळवा. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे.

शाळा आणि दवाखाना

शाळेत दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसण्याचा हक्क देतो. मुख्याध्यापकांना आदेशाची प्रत दाखवा आणि वर्गशिक्षकांना गरजेपुरतंच सांगा. बाकीच्या पालकांना काही सांगायची गरज नाही.

पहिल्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात वजन, उंची, रक्तातलं हिमोग्लोबिन, दात, डोळे आणि कान तपासून घ्या. ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलाला कधीकधी खरंच नीट ऐकू येत नसतं. जुनं लसीकरण कार्ड नसलं तर डॉक्टरांना विचारून राहिलेल्या लसी घ्या. १० आणि १६ व्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असते. आणीबाणीत उपचार थांबवू नका: मूल दवाखान्यात न्या, समितीला लगेच कळवा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला मात्र तुमची सही पुरत नाही, समितीची परवानगी घ्यावी लागते.

आईवडिलांची भेट

समितीने मनाई केली नसेल तर आईवडिलांना ठराविक अंतराने मुलाला भेटता येतं. ही भेट तुम्हाला जड जाईल. आई उशिरा येईल, चॉकलेटची मोठी पिशवी आणेल, पाळता न येणारी वचनं देईल, कधी येणारच नाही. तिच्याबद्दल मुलासमोर वाईट बोलू नका, फोनवर दुसऱ्याशी बोलतानाही नको. मुलं दाराआडून ऐकतात. भेटीनंतरचे एक-दोन दिवस मूल चिडचिडं होतं, त्या दिवसांत परीक्षा, पाहुणे, लांबचा प्रवास ठेवू नका. आई दारू पिऊन आली तर भेट नाकारण्याचा अधिकार तुमचा नाही; कक्षाच्या माणसाला बोलवा. भेट आधीच कक्षात ठेवून घेतलीत तर हा प्रसंगच टळतो.

पैसे आणि तपासणी

फॉस्टर केअरसाठीही मिशन वात्सल्यखाली मुलामागे महिना ४,००० रुपये आहेत. मंजुरी प्रायोजकत्व व फॉस्टर केअर मान्यता समितीकडून येते. म्हणजे दिवसाला साधारण १३३ रुपये. दूध, मासळी, वह्या, रिक्षा यांतच ते संपतात. दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतील असं धरून चालू नका. किमान तीन महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करता यावा. मोठ्या खर्चाची बिलं एका पाकिटात ठेवा.

कायद्यानुसार तपासणी दर महिन्याला होते (नमुना ३५). त्यासाठी एक फाइल करा: आदेश, वैद्यकीय कागद, शाळेची प्रगती, भेटींच्या तारखा, बिलं. कार्यकर्ता मुलाशी एकांतात बोलेल. बोलू द्या, चहा करायला स्वयंपाकघरात जा.

ज्या गोष्टींत लोक अडकतात

फोटो. चवथीला मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या आराशीखाली) सामूहिक फोटो निघतो आणि पाच मिनिटांत तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यावर कलम ७४ ची बंदी आहे; शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधीच सगळ्यांना सांगा, आणि मुलाला त्या फोटोतून हुसकावू नका. फोटो काढा, छापून त्याच्या हातात द्या, ग्रुपवर टाकू नका.

प्रवास. सावंतवाडीला मामाकडे किंवा कारवारला लग्नाला जाणं आपल्याला गावातल्या गावात जाण्यासारखं वाटतं, पण राज्याची हद्द ओलांडली जाते. समितीला आधी लेखी कळवून परवानगी घ्या.

मालमत्ता. फॉस्टर मूल तुमचं वारस होत नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलंबाळं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. उरलेल्या निम्म्यातूनच मृत्युपत्राने कुणाला काही देता येतं. घरच्या मुलांच्या मनात ही भीती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. एकदा बसून स्पष्ट सांगा, म्हणजे रुसवेफुगवे कमी होतात.

मूल निघून गेलं तर शोधाशोधीत तास घालवू नका. ११२ किंवा १०९८, आणि लगेच समितीला. आधी बघायची जागा बहुधा ठरलेली असते: जुनी वसाहत, आई काम करायची ती जागा, भावंड असलेली संस्था.

तुम्हालाच झेपेनासं झालं तर गप्प राहून ओढू नका. कक्षाला लेखी कळवा, समुपदेशन मागा, तरीही जमत नसेल तर दुसरी व्यवस्था होईपर्यंतचा वेळ द्या. रविवारी रात्री मूल संस्थेच्या दारात नेऊन सोडणं हा मार्ग नाही. समितीचा एखादा आदेश चुकीचा वाटला तर फॉस्टर केअरच्या बाबतीत अपील ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं असतं.

परत जाताना

परत जायचं ठरलं की मुलाला आठ-पंधरा दिवस आधी सांगा, तारीख कॅलेंडरवर दाखवा. त्याच्या कपड्यांबरोबर शाळेचे दाखले, लसीकरण कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी आणि तुमच्याकडचे छापील फोटो द्या. आईलाही एक कागद लिहून द्या: किती वाजता झोपतो, काय खायला लागला, कुठल्या विषयात मागे आहे. पुढे संपर्क ठेवायचा की नाही हे समितीला विचारून ठरवा.

मूल तुमच्याकडेच अठरा वर्षांचं झालं तर फॉस्टर केअर संपते. त्यानंतर अनुरक्षण, म्हणजे आफ्टरकेअरची मदत मिळते का ते कक्षाला विचारा; कलम ४६ मधली ती तरतूद संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहे. त्याचा अर्ज सतराव्या वर्षीच कक्षाकडे टाका, आणि त्याआधी त्याचं आधार, बँक खातं व शाळेचे दाखले त्याच्याच नावावर नीट आहेत ना ते तपासा.